सकाळी थंड गाडी चालू केली की थरथरते, दिवसभर ठणठणीत. ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) बदलण्याआधी काय तपासू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार, म्हणून सगळं लिहिते.

गाडी २०१९ ची हॅचबॅक, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली. रनिंग लाखाच्या पुढे. मी नाशिकला राहते, शाळा सकाळची, त्यामुळे साडेसहाला गाडी काढावी लागते. थंडी पडल्यापासून रोजचा प्रकार असा: सेल्फ मारला की गाडी लगेच उठते, पण उठल्याबरोबर थरथरायला लागते. आरपीएमचा काटा हजाराच्या वर असायला हवा, तो सातशेच्या आसपास लटपटतो. स्टिअरिंग हलतं, सायलेन्सरमधून तुटक फट-फट आवाज येतो. चेक इंजिनचा दिवा कधी लुकलुकतो, कधी नुसता लागून राहतो. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना पहिल्या गिअरला गाडी झटके देते. दोनेक मिनिटांत सगळं आपोआप शांत होतं, आणि मग दिवसभर काही तक्रार नाही.

घराजवळच्या गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग चारही प्लग बदलले. फरक शून्य. आता ते म्हणतात ईसीएम गेलाय, नवीन टाकावा लागेल. आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आले. एवढा खर्च करायचा तर आधी दोष नेमका कशात आहे ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कुणी अनुभवी माणूस वाट दाखवेल का?

रानवाट
ताई, सगळा दोष या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा आहे. आमच्या ओळखीत अनेकांच्या गाड्या थंडीत अशाच करतात. सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटं रेस करून ठेवा आणि मगच निघा. आमच्या वडिलांच्या जुन्या फियाटला चोक ओढून तसंच करावं लागायचं.

पानापक्कड
कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, पेट्रोल आणि गॅसच्या गाड्यांचंच काम जास्त. ताई, ईसीएमचं नाव तूर्त बाजूला ठेवा. "थंडीत गाडी नीट चालू होत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार असतात, आणि ते वेगळे काढायचे तर मला या गोष्टी हव्यात:

सेल्फ कसा फिरतो, झपाट्यानं की कण्हत? चालू करताना धूर दिसतो का, आणि कुठल्या रंगाचा? कूलंटची पातळी कमी होते का? दुपारी चालू करताना अगदी पहिल्या दहा सेकंदांत काय होतं, तेही लक्ष देऊन बघा. टाकीत पेट्रोल किती असतं आणि शेवटचं कधी भरलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थरथर थांबते तो क्षण आणि गाडी गॅसवर जाते तो क्षण एकच आहे का?

त्या गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावला असेल तर कोड (ईसीएमनं नोंदवलेला दोषाचा क्रमांक) कुठला आला तेही विचारून घ्या. दिवा लागलाय म्हणजे कोड आहेच.

गोदाकाठ
दादा, सेल्फ एकदम झपाट्यानं फिरतो. धूर नाही, नेहमीची थंडीतली वाफ दिसते तेवढीच. कूलंट जिथल्या तिथे आहे.

दुपारचं तुम्ही म्हणालात म्हणून आज मुद्दाम काच खाली करून ऐकलं. पहिले काही सेकंद थोडीशी थरथरते, मग गॅसचा दिवा हिरवा होतो आणि आवाज बदलतो. इतके दिवस माझ्या लक्षातच येत नव्हतं, इतकं ते थोडं आहे. सकाळीही थरथर थांबते ती गॅसवर गेल्यावरच, हे आता नक्की सांगू शकते.

पेट्रोल बहुतेक वेळा रिझर्व्हच्या आसपास. गाडी गॅसवरच चालते, त्यामुळे दोनतीन महिन्यांतून कधीतरी दोनशे-तीनशेचं टाकते. कोडचं विचारलं, तर स्कॅनर न लावताच सांगितलं होतं असं कळलं.

पानापक्कड
आता सविस्तर लिहितो, कारण अशी गाडी आठवड्याला एक तरी येते आणि बहुतेकांनी आधी बॅटरी आणि प्लगांवर पैसे घालवलेले असतात.

सीएनजी टाकीत साधारण २०० बार दाबानं भरलेला असतो. इंजिनाला तो काही बारवर उतरवून द्यावा लागतो, ते काम रिड्यूसर करतो. इतका दाब एकदम उतरला की गॅस प्रचंड थंड होतो, रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून इंजिनाचं गरम कूलंट रिड्यूसरभोवती फिरवलेलं असतं. सकाळी कूलंटच गार, तर रिड्यूसरला ऊब कुठून मिळणार? म्हणून तुमच्यासारख्या गाड्या पेट्रोलवर उठतात आणि कूलंट ठरावीक तापमानाला आलं की स्वतःहून गॅसवर जातात. नव्या काही गाड्या थेट गॅसवर उठतात, पण २०१९ ची तुमची त्यातली नसणार.

म्हणजे तुमची गाडी दिवसातली ही दोनेक मिनिटंच पेट्रोलवर चालते. थंडीत ती दोन मिनिटं असतात, उन्हाळ्यात अर्धं मिनिट. त्यामुळे दोष कदाचित उन्हाळ्यापासूनच असेल, थंडीनं फक्त तो ऐकू येईल इतका लांबवला. मला संशय थंडीचा नाही, पेट्रोलच्या बाजूचा आहे: टाकी, पंप, जाळी, नोझल (इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर).

थंडीचा हात आहे तो एवढाच. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बराचसा भाग मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आणि व्हॉल्व्हच्या भिंतींवर ओला चिकटून राहतो. शिवाय गार हवा दाट असते. म्हणून ईसीएम सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. या वेळी धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरही झोपलेला असतो, त्याला काम करायला ३०० अंशांच्या वर तापावं लागतं. तोवर ईसीएम नुसता कूलंटचं तापमान आणि हवेचा दाब बघून हिशेबानं पेट्रोल देतो, चुकलं तर दुरुस्त करायला त्याच्याकडे काही नसतं. अशा वेळी चारांपैकी एक नोझल अर्धी चोंदलेली असेल, तर त्या सिलिंडरला मिळणारं मिश्रण पेटतच नाही. गरम इंजिनात तेवढीच तूट खपून जाते.

तर पहिली तपासणी फुकटची आहे. दुपारी गाडी पूर्ण गरम झाली की स्विच दाबून ती सक्तीनं पेट्रोलवर टाका. मोकळ्या रस्त्यावर पाचसात किलोमीटर चालवा, सिग्नलला आयडलवर (रेस न देता) ऐका, चढावर पिकअप बघा. गरम असूनही मिसिंग (एखाद्या सिलिंडरचं न पेटणं) आलं तर थंडीचा विषय संपला. गरम पेट्रोलवर एकदम गुळगुळीत चालली तर मग कूलंट सेन्सर, मॅनिफोल्डची हवा गळती, थ्रॉटल बॉडीतला (आत जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेतला) कार्बन या दिशेनं जाऊ.

त्याआधी एक काम करा, टाकीत पाचसहा लिटर ताजं पेट्रोल टाका. रिझर्व्हवर ही चाचणी करू नका. पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. कोरड्यात चालवून पंप गेला तर आजार दुप्पट.

लुकलुकणारा दिवा हलक्यात घेऊ नका. नुसता लागलेला दिवा म्हणजे "दाखवून घ्या", लुकलुकणारा म्हणजे न जळलेलं इंधन आत्ता, या क्षणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतंय. तो आतून वितळला की खर्च ईसीएमच्या जवळ जातो.

रानवाट
पानापक्कड, तुमचं म्हणणं पटतंय, पण इथेनॉलचा काहीच संबंध नाही असं कसं म्हणता येईल? इथेनॉल थंडीत पेटत नाही हे तर सगळेच सांगतात.

रसायनी
मी रसायनशास्त्र शिकवतो, गाडीचं फार कळत नाही, पण हा मुद्दा माझ्या आवाक्यातला आहे.

रानवाट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते शुद्ध इथेनॉलला लागू पडतं. पेट्रोल हे शेकडो घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात, जड घटक २०० अंशांपर्यंत जातात. गार इंजिन पेटतं ते या हलक्या घटकांच्या वाफेवर. इथेनॉलचा उकळबिंदू एकच, ७८ अंश, आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे निव्वळ इथेनॉलवर दहा-बारा अंशांखाली इंजिन उठवणं अवघड असतं. ब्राझीलमध्ये १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवरच्या गाड्या आल्या, त्यात बॉनेटखाली पेट्रोलची एक लहानशी वेगळी टाकी असायची, केवळ थंड सकाळी गाडी उठवण्यासाठी.

ई२० मध्ये मात्र ८० टक्के पेट्रोलच आहे, हलक्या घटकांसकट. नाशिकच्या आठ-दहा अंशांत त्यामुळे एखादं निरोगी इंजिन उठायचं थांबत नाही, आणि गाडी उठतेय असं ताईच सांगतायत. माझ्या मते काळजी दुसऱ्या गोष्टीची करावी. इथेनॉल पाणी ओढतं. टाकी बरीच रिकामी, वर दमट हवा, पेट्रोल महिनोन्‌महिने तेच, अशा स्थितीत पाणी पुरेसं जमलं तर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तळातूनच. जुनं पेट्रोल तसंही बिघडतं. हलके घटक उडून जातात, उरलेल्याचं ऑक्सिडेशन होऊन चिकट गोंदासारखा थर तयार होतो. पानापक्कड ज्या चोंदलेल्या नोझलबद्दल बोलतायत, तिच्यात हाच थर असणार.

हिमरेषा
एडमंटनहून लिहितेय. आमच्याकडे उणे ३० नेहमीचं, म्हणून बॅटरीबद्दल थोडं. ताईंच्या गाडीला हे लागू नाही (सेल्फ झपाट्यानं फिरतोय), पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल.

सेल्फ कण्हत फिरत असेल तर आधी मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनलला, अर्थिंगला गंज आहे. इथे बॅटरी घेताना कोल्ड क्रँकिंग अँपिअर बघतात. उणे १८ अंशांत ३० सेकंद तेवढा करंट देऊन बॅटरीनं ७.२ व्होल्टच्या वर राहायचं, असं ते माप आहे.

दुसरं म्हणजे ऑइल. ०डब्ल्यू-२० मधल्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ राहतं. लाख किलोमीटरनंतर घट्ट ऑइल टाकावं म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० सुचवतं, नव्या इंजिनांत ते करू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेडच टाका.

आणि रेस करून ठेवण्याबद्दल: इथे कडाक्याच्या थंडीत आम्ही रात्रभर ब्लॉक हीटर (इंजिन ऊबदार ठेवणारा विजेचा हीटर) लावतो, पार्किंगमध्ये विजेचे सॉकेट असतात. तरीही चालू केल्यावर थोडा वेळ थांबून हळूहळू निघतो, उभ्या गाडीला रेस कुणी देत नाही. गार इंजिनात जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन काढतं. चोकच्या काळातली ती सवय आता सोडावी.

गोदाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ताजं पेट्रोल टाकलं आणि रविवारी दुपारी गंगापूर रोडला गाडी पेट्रोलवर चालवली. गरम इंजिन, काटा मध्यावर, तरीही सिग्नलला उभी राहिली की थरथर. सकाळइतकी नाही, पण आहे. चढाला तर स्पष्ट जाणवलं, पाय दाबला तरी गाडी ओढत नव्हती. स्विच गॅसवर टाकला आणि दोन सेकंदांत गाडी वेगळीच.

शेजारच्या मुलाकडे ब्लूटूथचं ओबीडी यंत्र (गाडीतले कोड वाचणारं) आहे, ते लावून बघितलं. कोड पी०३०२. पेट्रोलवर आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १४ च्या आसपास. कोड गूगल केला तर "दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर" असं आलं. पुढे काय करू?

अँपिअर
मी ऑटो इलेक्ट्रिशियन, पिंपरीला. पानापक्कडांचं सगळं बरोबर आहे, मी फक्त माझ्या बाजूचं बोलतो.

आधी कूलंट सेन्सर निकालात काढा, दोन मिनिटांचं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चावी नुसती ऑन करून त्याच यंत्रावर दोन आकडे वाचा, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. इंजिन पूर्ण गार असताना दोन्ही जवळपास सारखेच दिसायला हवेत, बाहेर नऊ असेल तर नऊ-दहा. कूलंट चाळीस दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि ईसीएम गार इंजिनाला गरम समजून कमी पेट्रोल देतोय. अशी केस मी पुष्कळदा बघितली आहे.

मिसफायरचा कोड एका सिलिंडरचा आलाय हे चांगलं झालं. आता वस्तूंची अदलाबदल करा. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तिसऱ्याला, तिसऱ्याची दुसऱ्याला. कोड पुसा, गाडी पेट्रोलवर चालवा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. तुमच्या बाबतीत कॉइल नसणारच, कारण गॅसवर तीच कॉइल व्यवस्थित ठिणगी देतेय, आणि गॅसला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. तरी करून बघा, पैसे लागत नाहीत.

मग नोझलचं वायर सॉकेट काढून मल्टिमीटरनं ओहम मोजा. अशा गाड्यांत साधारण १२ ते १६ येतात, आणि चारही जवळपास सारखे यायला हवेत. सारखे आले तर विजेचा दोष नाही, नोझल आतून चोंदली आहे.

पानापक्कड
अँपिअर भाऊ, एकदम मुद्द्याचं. ट्रिमबद्दल एक भर घालतो. अधिक १४ म्हणजे ईसीएमला मिश्रण पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) दिसतंय आणि तो १४ टक्के जादा पेट्रोल ओततोय. मॅनिफोल्डला किंवा ब्रेक बूस्टरच्या पाइपला हवा गळत असेल तरीही आयडलला असाच आकडा येतो. फरक असा ओळखायचा: रेस वाढवून अडीच हजारावर धरा. गळती असेल तर आकडा शून्याकडे येतो, कारण आत जाणाऱ्या हवेच्या मानानं गळतीची हवा किरकोळ ठरते. पेट्रोलच कमी पडत असेल तर आकडा तसाच राहतो किंवा वाढतो. शिवाय हवा गळत असती तर गॅसवरही गाडीनं त्रास दिला असता.

ताई, आता नोझल काढून टेस्ट बेंचवर लावणाऱ्याकडे जा. नाशिकला असे बरेच आहेत. नुसतं टाकीत क्लीनरची बाटली ओतून भागवू नका, अर्धी चोंदलेली नोझल त्यानं सहसा सुटत नाही. तुमच्यासमोर बेंचवर लावायला सांगा आणि काचेच्या नळ्या स्वतः बघा. ओ-रिंग चारही नवीन, जुन्या परत घालू द्यायच्या नाहीत. पेट्रोलची गळती गरम इंजिनावर झाली तर काय होईल ते सांगायला नको. टाकी उतरवून जाळीही बघून घ्या.

सांजसमय
मध्येच विचारतोय, माफ करा. साताऱ्याला आहे, माझ्या पेट्रोल गाडीचंही असंच, पण सीएनजी नाही. सकाळी चालू केली की पाचसात सेकंद मिसिंग, पांढरा दाट धूर, मग ठीक. महिन्यातून कूलंट थोडं भरावं लागतं.

पानापक्कड
सांजसमय, तुमचा आजार वेगळा आहे आणि जास्त तातडीचा आहे. कूलंट भरावं लागतं, खाली गळती दिसत नाही आणि सकाळी पांढरा धूर, म्हणजे हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून) रात्रभर कूलंट एका सिलिंडरमध्ये झिरपतंय असा संशय आधी घ्यायचा. गॅरेजला सांगून संध्याकाळी कूलिंग सिस्टिमला प्रेशर टेस्टर लावून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी चारही प्लग काढून बघा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय त्याचा प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. तोवर लांबचा प्रवास टाळा, घाटात तर नकोच. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो.

गोदाकाठ
मंडळी, दोष सापडला. सगळं सांगते, कारण पुढे कुणाला तरी कामाला येईल.

सकाळी कूलंट आणि हवा, दोन्हींचं तापमान सारखंच दिसलं. कॉइलची अदलाबदल केली, कोड पी०३०२ च राहिला. अडीच हजारावर ट्रिम खाली आला नाही, उलट थोडा चढलाच. हे सगळं कागदावर लिहून द्वारकेजवळच्या एका नोझलवाल्यांकडे गेले. त्यांनी कागद वाचला आणि लगेच रेल (नोझल बसवलेली पेट्रोलची नळी) उतरवायला घेतली.

बेंचवर चार नोझल शेजारी शेजारी लावल्या, खाली चार काचेच्या नळ्या, मागे दिवा. यंत्र चालू केल्यावर तीन नोझलांमधून धुक्यासारखा बारीक शंकू पडत होता. दुसऱ्या क्रमांकाच्या नोझलमधून मात्र एकच तिरकी धार, आणि यंत्र थांबल्यावरही तिच्या तोंडाशी थेंब लटकत राहिला. ठरलेले फवारे संपले तेव्हा तिची नळी इतरांच्या जेमतेम निम्मी भरलेली. ओहम मात्र चारही सारखे. अँपिअर दादा म्हणाले होते तसंच.

अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या यंत्रात) चारही स्वच्छ करून परत बेंचवर लावल्या. पहिल्या फेरीत ती नोझल अजून मागेच होती, पुन्हा बुडवून ठेवली, मग मात्र चारही नळ्यांतली पातळी एका रेषेत आली. ओ-रिंग आणि आतल्या बारीक जाळ्या नवीन टाकल्या. टाकीतलं पेट्रोल काढलं तर खालचा भाग गडद पिवळा, वास जुन्या वॉर्निशचा, मी टाकलेलं ताजं पेट्रोल मिसळलेलं असूनही. पंपाची जाळी तपकिरी झाली होती, तीही बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी चावी फिरवली. काटा सरळ बाराशेवर गेला, तिथे स्थिर राहिला आणि इंजिन तापत गेलं तसा हळूहळू खाली उतरला. ट्रिम आता दोन-तीनच्या आसपास दिसतो. सगळा खर्च ईसीएमच्या आकड्यापुढे अगदीच थोडा. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, त्याचं मोल मला फार वाटतं.

पानापक्कड
ताई, वाचून फार बरं वाटलं. कागदावर आकडे लिहून नेलेत हे सगळ्यात उत्तम केलंत, अशा गिऱ्हाइकाचं काम करताना मेकॅनिकलाही हुरूप येतो.

आता एवढं पाळा. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही. आठवड्यातून एकदा गाडी गरम झाल्यावर पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवायची, म्हणजे नोझलमधून ताजं पेट्रोल वाहत राहतं. टाकी कायम फुल्ल ठेवून चार महिने तेच पेट्रोल वापरण्यातही अर्थ नाही. थोडं भरा, वापरा, पुन्हा भरा. गॅसवरच्या गाडीचे प्लग पुस्तकातल्या पेट्रोलच्या अंतरापेक्षा लवकर बघत चला.

रानवाट
माझ्या भावाची गाडीही गॅसवरची आहे आणि टाकी नेहमी रिझर्व्हवरच. हा धागा त्याला पाठवला. रसायनी सर, ब्राझीलचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

द्राक्षबाग
निफाडचा शेतकरी आहे. आमच्याकडे या आठवड्यात पारा पाच-सहावर आहे, रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतायत. माझी डिझेल पिकअप, जुनी आहे. पहाटे माल घेऊन पिंपळगावला जायचं असतं तेव्हा बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. उठली की पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा कच्चा वास, आणि टक-टक आवाज. पाच मिनिटांनी नीट. बॅटरी नवी आहे, सेल्फ चांगला फिरतो. पेट्रोल-गॅसचं झालं, डिझेलचंही कुणी सांगा.

पानापक्कड
दादा, तुमच्या वर्णनावरून हीटर प्लग. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. पाच अंशांत गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून हीटर प्लग आधी आतली जागा तापवतात. एखाददुसरा प्लग गेला की त्या सिलिंडरमधलं डिझेल न जळता पांढऱ्या धुराच्या रूपात बाहेर पडतं. तोच तुमच्या डोळ्यांना झोंबतोय. डिझेल गोठल्याची शंका नको, त्यासाठी लडाखसारखी थंडी लागते. तिथे इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, आपल्याकडे त्याची गरज नाही.

चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा लागतो का? लागत असेल तरी प्लग चांगले असतीलच असं नाही, जुन्या गाड्यांत तो दिवा नुसता टायमरवर चालतो. तपासायला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. चावी बंद. हीटर प्लगांना जोडणारी पट्टी सोडवा. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावा. दिवा पेटला तर प्लगची तार शाबूत, नाही पेटला तर तो मेला.

द्राक्षबाग
केलं. चारांपैकी दोनावर दिवा लागला नाही, पहिला आणि चौथा. उद्या काढायला घेतो, पण चौथा हलतच नाहीये, जोर लावायला भीती वाटते.

पानापक्कड
जोर अजिबात लावू नका. तुटला तर अर्धा हेडमध्ये राहतो आणि मग हेडच उतरवावं लागतं. आज रात्री आटींच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. माल पोचवून आलात की इंजिन गरम असतानाच बसा, बॉनेट उघडं ठेवून, हाताला मोजे घालून. लहान पान्यानं पाव फेरा सोडायचा, लगेच थोडा मागे घट्ट करायचा, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा. पान्यात स्प्रिंगसारखा ताण जाणवला तर तिथेच थांबा आणि गाडी गॅरेजला न्या. नवे घेताना चारही एकाच कंपनीचे आणि त्याच व्होल्टेजचे घ्या. प्लगवर छापलेला नंबर जुन्याशी ताडून बघा, आणि बसवण्याआधी भोक कापडानं पुसा, आत कचरा जाऊ देऊ नका.

द्राक्षबाग
तेल मारून ठेवलंय. उद्या पिंपळगावहून आल्यावर हात घालतो, मग लिहितो.